सणाला वार नसतो

आमच्या गल्लीत नकला करायला बंदी होती, आणि ती एकट्या मला लागू होती. लग्न होऊन मी सोलापुरात आले त्याला महिनाही झाला नसेल, तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात त्यांच्याच चालीनं चालताना पकडलं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात उलथनं, मान डावीकडे कललेली. प्रेक्षक म्हणून धाकटी नणंद, ती हसून हसून उखळावर कोसळलेली. सासूबाईंनी दारात उभं राहून सगळा प्रवेश पाहिला आणि म्हणाल्या, "मान उजवीकडं असते माझी. करायचं तर नीट कर." त्या दिवसापासून घरात परवानगी आणि घराबाहेर बंदी, असा आमचा तह झाला.

आता पन्नाशी जवळ आली. सासूबाई गेल्या, गल्लीतली बहुतेक माणसंही गेली, तेव्हा बंदी उठली असं मी धरून चालते. सगळ्यांचे आवाज अजून माझ्या गळ्यात आहेत. एका माणसाची नक्कल मात्र मला तेव्हाही साधली नाही आणि आजही साधत नाही. ती म्हणजे आमची सुईणआजी. तिचा आवाज येतो, बोलणं येतं, तंबाखू गालात ठेवून बोलायची ती ढबही येते. पण तिचं सगळं काम हातांत होतं, आणि ते हात मला कुठून यायचे?

गल्लीच्या तोंडाशीच तिची एका खणाची खोली होती. आत जायचं तर तिच्या दारावरून जावं लागे, आणि ती कुणाला फुकट जाऊ देत नसे. मंगळवेढ्याकडच्या धनगराची ही मुलगी, तरणेपणी नवरा गेला म्हणून सोलापुरात आली, कुणा म्हाताऱ्या सुईणीच्या हाताखाली शिकली आणि इथलीच झाली. गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्या हातावर आलेलं. पोरंच कशाला, पोरांचे बापही. आमच्या शेजारी गिरणीतले एक जॉबर राहत. दीडशे माणसांवर हुकूम चालवणारा, भरघोस मिशांचा गडी. ते गिरणीतून छाती काढून परतायला लागले की ही दारातून म्हणायची, "जरा हळू की रं बाबा. पायाळू आलावतास तू, पाय धरून वडलाय मी तुला. माझ्याम्होरं मिशीला पीळ देऊ नगं." जॉबर मान खाली घालून निघून जात. गिरणीत ज्यांना त्यांच्यापुढे घाम फुटे त्या बायका इकडे पदर तोंडाला लावून उभ्या असत.

बाळंतिणीला शेक, तेल, बाळाची न्हाणी, पाचवीची पूजा, सगळं तीच करायची. बाळाला न्हाऊ घालताना ती पाय लांब करून बसे, नडग्यांवर बाळ उताणं ठेवी आणि त्याच्याशी गप्पा मारी. त्या गप्पांत घरातल्या मोठ्या माणसांची उणीदुणी असत. सासूनं तूप कमी वाढलं की बाळाला सांगे, "तुझी आज्जी लई जपून वाडती हां, तू आपला आईचं दूध वरपून पी." जिनं ऐकायचं ती ऐके, आणि दुसऱ्या दिवशी तूप वाढे.

तिचा उजवा हात गेला तो असाच न्हाणीत गेला. वकिलाचे एक कारकून गल्लीत राहत, त्यांच्या नातवाला ती न्हाऊ घालत होती. पाणी घालता घालता तांब्या हातातून सुटला. तिनं डाव्या हातानं बाळाला छातीशी आवळून धरलं आणि जीभ जड झालेली असताना कशीबशी म्हणाली, "पोर घ्या." सून धावली, बाळ घेतलं, आणि मग ती उजव्या अंगावर कलंडली. बाळाच्या कानात पाणीसुद्धा गेलं नाही. वैद्य आले, म्हणाले अर्धांग आहे. जीभ पुढे बरीच सुटली, पण उजवा हात आणि पाय कायमचे गेले. कुणी उठवून बसवल्याशिवाय तिला बसता येत नव्हतं.

आणि मग गल्लीत प्रश्न पडला, हिचं करायचं कुणी?

मारुतीच्या कट्ट्यावर बैठक बसली. बायका आपापल्या दारांत, कान कट्ट्यावर. मला तर पर्वणीच होती. रात्री नणंदेला सगळी बैठक करून दाखवायची होती, म्हणून मी एकेकाचे हातवारे डोळ्यांत भरून घेत होते.

जॉबर म्हणाले की गिरणीच्या लायनीतल्या कामगारांच्या बायका तिनं सोडवल्या, तर गिरणीनंच बघावं. कुणी म्हणालं की आता नगरपालिकेनं नर्सबाई नेमली आहे, दवाखाना आहे, तिथं न्यावं. वाणी म्हणाले की धनगरांनी आपल्या माणसाचं बघावं, आमच्यात आम्ही नाही का बघत. कुणी म्हणालं मिशनवाल्यांकडे ठेवून घेतात. त्यावर दोघे एकदम उसळले, की आपली सुईण तिकडे गेली तर गल्लीची अब्रू काय राहिली. अब्रूसाठी उसळलेल्या त्या दोघांपैकी एकाच्याही घरी तिला जागा नव्हती, हे त्यांनी त्याच दमात सांगितलं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते रक्ताच्या नात्यावर. मंगळवेढ्याकडे तिचा एक भाचा होता. त्यानं न्यावं. ज्वारीच्या व्यापाऱ्याच्या माणसाबरोबर निरोप गेला.

भाचा आला. उंच, काळा, खांद्यावर घोंगडं, बोलायला अगदी कमी. कट्ट्यावर बसायला सांगितलं तर बसला नाही, उभाच राहिला. सगळ्यांनी त्याला रक्ताचं नातं समजावून सांगितलं. कारकूनकाकांनी तर संस्कृतातही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"आमच्या गावात तिनं येक बी पोर काढल्यालं न्हाय. तुमची काढली. माझी आई मेली तवा बी तिला याया जमलं न्हाय, हितं कुनाची तरी बाय आडली हुती. तुमचं म्हननं बराबर हाय, मी रक्ताचा हाय. पर तिचे हात तुमी खाल्ले की."

 मग तो खोलीत गेला, आत्याजवळ बसला, तिच्या पायाला तेल लावलं आणि मुक्कामाला न थांबता परत गेला. त्याची नक्कल मी त्या रात्री केली नाही. नणंद म्हणाली, कर ना, ते घोंगडीवाले. मी म्हटलं, त्यात हसण्यासारखं काही नाही.

तोड काढली ती कारकूनकाकांनी, आणि ती काढताना त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचं बालपणच दिसलं. ते लहानपणी गरिबीतून आलेले. आईवडील खेड्यात, आणि ते शिकायला शहरात, वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. तशी किती मुलं शिकली त्या काळी! काका म्हणाले, "मी सात घरांच्या अन्नावर वाढलो. एकाही घराला माझं ओझं झालं नाही. एक घर असतं तर झालं असतं. आपण आजीचे वार लावू."

गल्लीला हे फार आवडलं. कुणाला नेहमीसाठी काही करायचं नव्हतं आणि सगळ्यांना काहीतरी केल्यासारखं होणार होतं. सात घरं पुढे आली. जॉबरांनी सोमवार घेतला, काकांनी बुधवार. आमच्या सासूबाईंनी गुरुवार घेतला. समोर मागावर लुगडी विणणारं तेलुगू कुटुंब होतं, त्यांनी शनिवार मागून घेतला, कारण शनिवारी त्यांच्याकडे आंबट वरण असतं आणि आजीला ते आवडतं, असं तिथली सूनबाई म्हणाली. बाकीचे वार वाणी वगैरेंत वाटले गेले. दिवाळीनंतर हे सुरू झालं.

पहिले दिवस मोठ्या कौतुकाचे गेले. ताटं सजून जात. वाण्याकडे भाकरीवर लोणी आहे हे कळलं की जॉबरीणबाई पिठलं सोडून वांग्याचं भरीत करायच्या. आजीला आयुष्यात कुणी असं वाढलं नव्हतं. ती प्रत्येक वाराला आदल्या वाराची बातमी द्यायची, आणि ती ऐकून पुढची सुगरण अजून ईर्ष्येला पेटायची. सासूबाई मला म्हणाल्या, "म्हातारी गल्ली चालवती आहे हाताशिवाय." आणि मान उजवीकडं केली.

गुरुवारी ताट घेऊन मी जायची. मला तेव्हा दिवस गेलेले होते, पहिलेच. आजीला भिंतीला टेकवून बसवायचं, उजव्या बाजूला उशी द्यायची, घास भरवायचा. ती डाव्या हातानं खायचा हट्ट करी आणि निम्मं पदरावर सांडे. जेवण झालं की तो डावा हात माझ्या पोटावर ठेवी आणि डोळे मिटून बसे.  मग म्हणे, "फिरतंय. बेस हाय." एकदा म्हणाली, "तुजं माझ्या हातावर यायचं हुतं गं. आता हात हितं हाय आन् मी कुटं हाय तेच कळंना."

हळूहळू कौतुक ओसरलं, तसं ते ओसरतंच. ताटं मात्र चुकली नाहीत, हे सांगितलं पाहिजे. एकाही घरानं एकही वार चुकवला नाही. पण वार फक्त ताटाचे लागले होते. आजीच्या अंगाखालची वाकळ ओली होई, ती कुणाच्याच वारात बसत नव्हती. सोमवारला वाटे मंगळवार धुईल, मंगळवार म्हणे काल कुणी कसं पाहिलं नाही. माझ्या वाराला मी ती उन्हात टाकत असे, पण धुवायला सासूबाई मला वाकू देत नसत, आणि स्वतः धूत तेव्हा बुधवारवाल्यांचा उद्धार करत. पाठीला फोड आला तेव्हा तो आला कुणाच्या वाराला यावरच चर्चा झाली.

एका गुरुवारी मी आजीला म्हटलं, तुम्ही बोलत का नाही कुणाला, तुम्ही तर जॉबरांनाही सोडत नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं. "कुनाला बोलू?" म्हणाली. "बोलायला मानूस रोज येक लागतं. सोमवारचं भांडन मंगळवाराला कसं सांगू? आज रागं भरलं तर त्याला आट दिस मी दिसत न्हाय. रागबी शिळा हुतो माझा." आणि हसली, पण मला ते हसू नकलेत घेता आलं नाही.

मग गड्डा आला. सिद्धेश्वराची जत्रा. भोगीच्या दिवशी तळ्याकाठी अक्षता पडतात, देवाचं लग्न लागतं. सारं सोलापूर त्या लग्नाला जातं, आणि बाहेरगावची माणसं येतात ती वेगळी. त्या वर्षी भोगी बुधवारी आली.

भोगीची सकाळ आमच्याकडे मोठ्या गडबडीची. डोक्यावरून न्हायचं, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या करायच्या, नव्या हरभऱ्याचे घाटे, वांगी, गाजर, पावटा घालून ती सगळ्या भाज्यांची लेकुरवाळी भाजी करायची, खिचडी, लोणी. आणि ताटं शेजारीपाजारी पाठवायची. अक्षता दुपारी, म्हणजे त्याआधी नैवेद्य, जेवण, इरकली लुगडी, पोरांच्या टोप्या, आणि टांगे मिळायची मारामार.

सासूबाईंनी आजीचं ताट वाढलं. आजचा वार आपला नव्हता, पण भोगीचं ताट सुईणीला नाही द्यायचं तर कुणाला? त्या न्हाऊन, इरकली नेसून, देवाच्या अक्षतांची पुडी कनवटीला लावून निघाल्या होत्या. आजीच्या दाराशी गेल्या तर उंबऱ्यात आधीच दोन ताटं झाकून ठेवलेली. आत गेलं की वाकळीला हात लागणार, मग पुन्हा न्हाणं आलं, आणि टांगा तर दारात उभा. आत कुणीतरी असेल, म्हणून त्यांनी ताट ठेवलं, "आज्जी, भोगी ठेवली हो," असं सांगितलं आणि टांग्यात येऊन बसल्या. त्यांच्यामागून आलेल्यांनी तीन ताटं पाहिली, आणि त्यांना अधिकच निश्चिंत वाटलं.

अक्षतांना मी गर्दीत मागे होते. नंदीध्वजाच्या उंच काठ्या आल्या, लोकांनी अक्षता उधळल्या, माझ्या केसांत तांदूळ अडकले. पाय सुजले म्हणून सासूबाई मला घेऊन सगळ्यांच्या आधी परतल्या. उन्हं कलली होती. गल्लीत कुणी नव्हतं.

आजीच्या उंबऱ्यात सहा ताटं होती. सहाही झाकलेली होती, फक्त एकावरचं झाकण मांजरानं सारलेलं आणि लोणी चाटलेलं. मुंग्यांची रांग एका ताटातून निघून भिंतीवर चढत होती. मला वाटलं आजी गेली.

आत ती उजव्या कुशीवर पडली होती. पाण्याचा तांब्या गडगडत कोपऱ्यात गेलेला. डावा हात उंबऱ्याच्या दिशेनं लांब पसरलेला, आणि वाकळ निम्मी तिच्याखाली, निम्मी ओढली गेल्यानं मागे राहिलेली. डोळे उघडे होते. ओठ चिकटले होते.

 सासूबाई इरकलीसकट खाली बसल्या, त्या ओल्या वाकळीवरच, आजीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला पाणी म्हणून खूण केली. भांड्यानं पाजता येईना, मग पदर भिजवून तोंडात पिळला. बऱ्याच वेळानं आजीच्या गळ्यातून पाणी उतरलेलं दिसलं.

"सगळी आली हुती की," आजी म्हणाली. "आवाज आला समद्यांचा. वासबी आला. वासावरनं सांगू का कुनाचं कुठलं ताट ते? तुझ्यात तीळ जास्त करपवत्यात."

सासूबाई म्हणाल्या, "हाक का नाही मारली?"

"मारली की. समदे म्हनले, भोगी ठेवली, भोगी ठेवली."

गल्ली परतली तेव्हा दिवेलागण होत होती. एकेक कुटुंब आजीच्या दारापाशी येऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. पोरांच्या हातात जत्रेच्या पिपाण्या होत्या, त्या कुणी वाजवेना. मग विचारपूस सुरू झाली, आणि विचारपुशीचं भांडण व्हायला वेळ लागला नाही. जॉबरीणबाई म्हणाल्या की आम्ही ठेवलं तेव्हा चार होती. वाणी म्हणाले आम्ही ठेवलं तेव्हा पाच होती, पाच घरांतलं एकही आत जाणार नाही असं कुणाला वाटेल? तेलुगू सूनबाई रडायलाच लागली. शेवटी कुणीतरी म्हणालं, आज बुधवार. वार कुणाचा होता?

सगळे कारकूनकाकांकडे वळले. काकांनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली होती. ते आपल्यालाच समजावल्यासारखं म्हणाले, "सणाला वार नसतो."

कुणाला कळलं नाही. काकांनी पुन्हा सांगितलं. वार लावून जेवणाऱ्या मुलाला सणाच्या दिवशी वार नसतो. त्या दिवशी ज्याच्या घरी वार आहे तो मोकळा असतो, कारण सणाला मुलाला सगळीकडूनच बोलावणी येतात. "मी सणाला चार चार घरी जेवलो आहे," काका म्हणाले. "वर्षभर सणाची वाट पाहायचो. मी घरात सांगितलं, आज आपल्याकडे नको, आज तिला सगळ्यांचं मिळेल. तिचा सण व्हावा म्हणून सांगितलं मी." पगडी हातात फिरवत ते म्हणाले, "मी चालत जायचो हो. या घरातून त्या घरात. मला पाय होते."

आणि हा गृहस्थ, ज्याची पगडी सरळ आहे की नाही हे गल्लीत पोरं पैजेवर पाहत, तो उंबऱ्याबाहेर बसून लहान मुलासारखा रडला. त्यांच्या नातवाला छातीशी धरून वाचवलेलं होतं त्या हातानं, तो हात आत वाकळीवर पडला होता.

तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मला सात घरं नगंत. येक घर द्या. उपाशी ठेवलं तरी चालंल, पर त्या घराला म्हाईत आसू दे, मी उपाशी हाय म्हनून."

 प्रत्येक जण आपल्या घराचा विचार करत होता, आणि प्रत्येकाचं घर खरंच लहान होतं. जॉबरांकडे एका खोलीत नऊ माणसं होती. काकांकडे सोवळं होतं. वाण्याची आई स्वतः अंथरुणाला होती. आमच्याकडे मी होते, आणि माझ्या पोटात येणारं होतं. कुणाचीच अडचण खोटी नव्हती. सासूबाईंनी त्या रात्री आजीला आपल्या हातानं पुसलं, वाकळ बदलली, आणि घरी येऊन न जेवता झोपल्या.

जत्रेत घोंगडी विकायला तो भाचा आलेला होता. किंक्रांतीच्या सकाळी, घोंगडी खपल्यावर, गाडी घेऊन तो आत्याला भेटायला आला. झालेलं त्याला कुणीतरी सांगितलं. तो कुणाला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आत गेला, तेव्हा सासूबाई आणि मी तिथं होतो.

"मला ने," आजी म्हणाली.

तो म्हणाला की घर एक खणाचं आहे, मेंढरं दारात, पाऊस धड झालेला नाही. मग जरा खाली पाहून म्हणाला, "आन् माझी बायकू तोंडाची लई वंगाळ हाय, आत्या."

"आसंना. येकीचंच तोंड हाय न्हवं?"

त्यानं गाडीत कडबा पसरला. त्यावर घोंगडं टाकलं. जॉबर आणि तो, दोघांनी तिला उचलून ठेवलं. गल्ली गोळा झाली. लुगडी आली, शेंगदाण्याची चटणी आली, तिळगूळ, ज्वारीची पिशवी, तूप, एवढं सामान झालं की आजीला पाय लांब करायला जागा उरेना. बायका मोठ्यानं रडत होत्या. पोरं रांगेनं पाया पडत होती आणि ती डावा हात एकेकाच्या डोक्यावर ठेवत होती. "ह्यो रडलाच न्हवता आल्यावर, पाठीत धपाटा घातला तवा रडला. आता कसा रडतोय बग." एका पोरीला म्हणाली, "तुझी नाळ मानंला गुंडाळल्याली. नीट ऱ्हा बाई, गळ्यात काय घालशील ते बघून घाल." लोक रडता रडता हसले.

मग ती गल्लीच्या दारांकडे पाहू लागली. एक दार, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं.

भाच्यानं बैल जुंपले. जुवाची दोरी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. ती पहिल्या खेपेलाच नीट बांधली गेली होती, हे मी पाहिलं होतं. मग तो चाकाजवळ जाऊन उगाच वाकला. तोही वाट पाहत होता. जरा कुणी म्हणालं असतं, तर त्यानं बैल सोडले असते.

सासूबाई गाडीजवळ गेल्या. त्यांचं तोंड उघडलं, माझ्या पोटाकडे नजर गेली, आणि त्या म्हणाल्या, "पाणी घेतलंय का बरोबर?"

"घेतलंय," भाचा म्हणाला, आणि गाडी हाकली.

खोली पंधरवड्यात दुसऱ्याला गेली. माझी मुलगी उन्हाळ्यात झाली, नगरपालिकेच्या नर्सबाईंच्या हातावर. बाई चांगल्या होत्या, हात साबणानं धुवायच्या, बाळाशी बोलत मात्र नसत. पाचवीच्या दिवशी सासूबाईंनी एक ताट वाढून बाजूला ठेवलं, आणि ते कुणासाठी हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

पुढच्या गड्ड्याला भाचा पुन्हा आला. आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, आत्या श्रावणात गेली. सासूबाईंनी त्याला आत बोलावलं, बसवलं, जेवायला वाढलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा आमच्या गल्लीत बसला. मी विचारलं, कशी होती शेवटी?

"भांडायच्या की दोगी," तो म्हणाला. "माझी बायकू आन् ती. सकाळधरनं. बायकू म्हनायची, म्हातारे, वाकळ आत्ता बदलली की. ही म्हनायची, मग काय झालं, तुझी वाकळ तरी कुठं कोरडी हाय, तुझं ल्हानं मुततंय. शेजारी ऐकाया यायचे." तो हसला, आणि घास हातात तसाच ठेवून म्हणाला, "पर येक सवय लागली हुती तिला. रोज सकाळी उटली की इचारायची, आज कुनाचा वार हाय?"

सासूबाईंचा वाढायचा हात थांबला.

"आन् बायकू तिला म्हनायची, माझाच की. काल बी माझाच, उद्या बी माझाच. गिळ मुकाट्यानं. मग जेवायची. तसं म्हनल्याबिगार घास घेत न्हवती."

त्याच्या बायकोला मी कधी पाहिलं नाही. पण तिची नक्कल मला पहिल्याच खेपेला साधली, इतकी की पुढे सासूबाईच ती मागायच्या. म्हणायच्या, "ती मंगळवेढ्याची कर." मी कमरेला पदर खोचून करायची, आणि त्या हसत नसत, नुसत्या ऐकत.

सासूबाईंचं शेवटचं वर्ष अंथरुणात गेलं. नणंदा आपापल्या घरी, सगळं मीच करत होते. एका सकाळी मी पेज घेऊन गेले, तर त्यांनी डोळे मिचकावून विचारलं, "आज कुणाचा वार?" मी ताबडतोब कमरेला पदर खोचला. "माझाच की. काल बी माझाच, उद्या बी माझाच. गिळा मुकाट्यानं." त्या इतक्या हसल्या की पेज सांडली. मग तो रोजचा खेळच होऊन बसला. त्यांनी विचारायचं आणि मी म्हणायचं.

एका सकाळी त्यांनी विचारलं नाही. डोळे मिटलेले, मान उजवीकडं. पेजेची वाटी घेऊन मी बराच वेळ बसून राहिले, आणि मग माझं वाक्य म्हटलं.